भूक मारावी की तलफ? : धूम्रपानत्याग, व्यायाम व मेदोहर चिकित्सा यांचा क्रम

प्रस्तावना

वैद्यबंधूंनो, आपल्या दैनंदिन चिकित्साव्यवसायात मध्यम वयाचा, पोट सुटलेला, जिना चढताना धाप लागणारा व खिशात विडीचे बंडल बाळगणारा रुग्ण आपणांपैकी प्रत्येकास भेटतो. त्याची मागणी बहुधा एकच असते, "वजन कमी करा." विडीविषयी तो स्वतःहून बोलत नाही. आपण विषय काढलाच तर दोन उत्तरे ठरलेली असतात. एक, "विडी सोडली की पोट आणखी सुटते." दोन, "विडी ओढल्याशिवाय सकाळी पोट साफ होत नाही." या दोन्ही उत्तरांकडे आपण सबबी म्हणून पाहतो व हसून सोडून देतो. प्रस्तुत लेखात आम्ही असे मांडू इच्छितो की ही दोन्ही विधाने बऱ्याच अंशी खरी आहेत आणि ती खरी मानूनच चिकित्सा आखावी लागते. अन्यथा रुग्ण विडीही सोडत नाही व वजनही कमी करीत नाही. हे आम्ही एका रुग्णाच्या बाबतीत स्वतःच्या चुकीतून शिकलो. ते वृत्त प्रथम सांगतो.

एक रुग्णवृत्त

उमरी हे नांदेड-निजामाबाद लोहमार्गावरील तालुक्याचे गाव. निजामाबादेकडे विडी वळणे हा हजारो स्त्रियांचा उदरनिर्वाह आहे, तर विडीला लागणारी टेंभुर्णीची पाने आमच्याच जिल्ह्यातील किनवटच्या जंगलात तोडली जातात. सांगण्याचा हेतू हा की आमच्या भागात विडीला व्यसन म्हणून कोणी फारसे मोजत नाही. ती चहाबरोबर येते व चहाबरोबर जाते.

काही वर्षांपूर्वी आडत दुकानावर मुनीम असलेले एक ४४ वर्षांचे गृहस्थ आमच्याकडे आले. उंची १६५ सें.मी., वजन ८४ किलो, कमरेचा घेर १०२ सें.मी. दिवसाला २० विड्या व ६ ते ७ कप चहा. दिवसभर गादीवर बैठक. प्रकृती कफवातप्रधान, जिव्हा साम, मलप्रवृत्ती विडीवर अवलंबून. आम्ही उत्साहाच्या भरात गुढीपाडव्याचा मुहूर्त धरून एकाच दिवशी सर्व काही सुरू केले. विडी पूर्ण बंद, सकाळचा नाश्ता बंद, रात्री केवळ मुगाचे कढण आणि पहाटे तासभर भरभर चालणे. नवव्या दिवशी ते गृहस्थ आले ते अपराध्यासारखे. विडी पुन्हा सुरू झाली होती. त्यांचे वाक्य आजही कानात आहे, "डॉक्टरसाहेब, भूक मारावं का तलफ मारावं? दोन्ही एकदाच मरंना."

आम्ही त्यांना मनोबलाचे चार शब्द ऐकवले. ते परत आले नाहीत. दोन वर्षांनी त्यांच्या पत्नी त्यांना घेऊन आल्या तेव्हा हातात नांदेडच्या रुग्णालयाची फाईल होती. हृदयविकाराचा झटका येऊन गेला होता, रक्तवाहिनीत स्प्रिंग बसवली होती आणि तरीही लपून पाच-सहा विड्या चालू होत्या. त्या माउलीने कोणताही रोष न दाखविता एकच प्रश्न विचारला, "त्या टायमाला वजनाचं राहू दिलं असतं अन् नुसती विडी सोडवली असती, तर?" या प्रश्नाचे उत्तर आमच्याजवळ नव्हते. ते शोधण्यासाठी आम्ही पुन्हा संहिता उघडली.

उत्तर एकाच अध्यायात

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सातवा अध्याय, नवेगान्धारणीय, आपण सर्वांनी पाठ केला आहे. परीक्षेत त्यातील तेरा अधारणीय वेग विचारले जातात व तेवढेच लक्षात राहतात. परंतु त्या एका अध्यायात चार विषय लागोपाठ आले आहेत. प्रथम अधारणीय वेग, त्यात क्षुधा व तृष्णा आहेत. नंतर धारणीय वेग, त्यात मनाचा लोभ व एखाद्या विषयावरील अत्यासक्ती आहे. त्यानंतर व्यायामाचे लक्षण, गुण व अतिव्यायामाचे दोष. आणि त्याला लागूनच अहितकर सवय क्रमाने सोडण्याचा व हितकर सवय क्रमाने जोडण्याचा पादांशिक क्रम.

या अनुक्रमात आमच्या रुग्णाच्या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे. भूक हा अधारणीय वेग, तो मारावयाचा नाही. तलफ ही मनाच्या लोभाची जात, ती धारण करावयाची. आम्ही नेमके उलट केले होते. ज्या काळात तलफेशी झुंज द्यावयाची त्याच काळात क्षुधेचा वेगही रोखावयास सांगितला. त्यामुळे वाताचा प्रकोप झाला, निद्रा गेली, चिडचिड वाढली व रुग्णाने सर्वांत जवळचा उपाय, म्हणजे विडी, पेटविली. दोष रुग्णाच्या मनोबलाचा नव्हता, आमच्या योजनेचा होता.

विडी सोडल्यावर वजन का वाढते?

तंबाखूचा उल्लेख बृहत्त्रयीत नाही, कारण ही वनस्पती पोर्तुगीजांबरोबर भारतात आली. तरीही तिचे कर्म पाहता तीक्ष्ण, उष्ण, रूक्ष, व्यवायी व विकाशी हे गुण तिच्या ठायी मानावे लागतात. फुप्फुसातून निकोटिन काही सेकंदांत मेंदूपर्यंत पोहोचते, ही व्यवायी गुणाची साक्षच होय.

आधुनिक शास्त्रानुसार निकोटिन भूक दडपते, विश्रांतीच्या अवस्थेतील ऊर्जाव्यय किंचित वाढविते व आतड्यांची गती उत्तेजित करते. ते थांबले की तिन्ही गोष्टी उलट दिशेने जातात. भूक वाढते, ऊर्जाव्यय घटतो, मलावरोध होतो. त्यातच जिभेची रुची व नाकाची गंधशक्ती सुधारल्याने अन्न अधिक गोड लागते आणि हाताला व तोंडाला लागलेली सवय बिस्कीट, शेव, भजी यांकडे वळते. आपल्या परिभाषेत सांगावयाचे तर तीक्ष्ण-उष्ण-रूक्ष हेतू अकस्मात निघून गेल्याने कफ व मेद यांना रोखणारा अडसर जातो, आणि त्याच वेळी सात्म्य झालेला हेतू सुटल्याने वात विषम होतो. म्हणून या काळातील रुग्ण एकाच वेळी कफमेदवृद्ध व वातप्रकुपित असतो. केवळ अपतर्पण दिल्यास वात भडकतो, केवळ संतर्पण दिल्यास मेद वाढतो. येथेच वैद्याची कसोटी आहे.

ही वाढ किती असते? २०१२ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये ६२ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. त्यात औषधाची मदत न घेता धूम्रपान सोडलेल्यांचे वजन एका वर्षात सरासरी ४ ते ५ किलोंनी वाढल्याचे आढळले व त्यातील बहुतांश वाढ पहिल्या तीन महिन्यांतील होती. मात्र त्याच विश्लेषणात दर १०० जणांमागे सुमारे १६ जणांचे वजन उलट घटले होते, तर सुमारे १३ जणांचे १० किलोंहून अधिक वाढले होते. म्हणजे वाढ अटळ नाही व सर्वांना सारखीही नाही.

दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. वाढलेल्या वजनाने विडी सोडल्याचा लाभ पुसला जातो काय? २०१८ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये अमेरिकेतील दीर्घकालीन निरीक्षणांवर आधारित शोधनिबंध प्रसिद्ध झाला. धूम्रपान सोडल्यावर ज्यांचे वजन वाढले त्यांच्यात मधुमेहाची शक्यता काही वर्षे वाढलेली दिसली, ती पाच ते सात वर्षांच्या सुमारास सर्वाधिक होऊन पुढे उतरली. परंतु हृद्रोगाने होणारे व एकंदर मृत्यू वजन वाढलेल्यांतही, धूम्रपान चालू ठेवणाऱ्यांच्या तुलनेत, कमीच राहिले. वैद्याने रुग्णास हे स्पष्ट शब्दांत सांगावे. वजन वाढले तरी सौदा तोट्याचा नाही. परंतु साखरेवर लक्ष ठेवावे.

शास्त्रोक्त धूमपानाची ढाल नको

काही रुग्ण, आणि क्वचित आपलेच काही व्यवसायबंधू, "आयुर्वेदातही धूमपान आहेच की" असे म्हणतात. चरकाने सूत्रस्थानाच्या पाचव्या अध्यायात सांगितलेले प्रायोगिक, स्नैहिक व वैरेचनिक धूम हे ऊर्ध्वजत्रुगत वातकफविकारांसाठी आहेत. त्यांची द्रव्ये ठरलेली, वर्तीची जाडी व लांबी ठरलेली, सेवनाचे आठ काळ ठरलेले, निषिद्ध व्यक्तींची यादी ठरलेली. अकाली व अतिमात्र धूमाने बाधिर्य, आंध्य, मूकत्व, रक्तपित्त व शिरोभ्रम होतात हेही तेथेच सांगितले आहे. औषधी धूमाबाबतच जर एवढी सावधगिरी, तर दिवसातून वीस वेळा ओढलेल्या विडीला त्याचा आधार कसा मिळेल? विडीत सिगारेटपेक्षा तंबाखू कमी असते, म्हणून ती सौम्य, हाही भ्रमच. ती विझू नये म्हणून वारंवार व जोराने ओढावी लागते. त्यामुळे निकोटिन, डांबर व कार्बन मोनॉक्साईड शरीरात अधिकच जातात. बाजारातील तंबाखूविरहित 'हर्बल' विडीच्या धुरातही डांबर व कार्बन मोनॉक्साईड असतातच. तेव्हा विडीच्या जागी ती देणे हा त्याग नव्हे.

पादांशिक क्रमाचा व्यवहारी अर्थ

पादांशिक क्रमाचा अर्थ "हळूहळू सोडा" एवढाच लावला जातो. प्रत्यक्षात सूत्रात अपचय व प्रक्षेप असे दोन्ही शब्द आहेत. अहिताचा जेवढा अंश काढावयाचा, तेवढाच हिताचा अंश त्या जागी घालावयाचा. पाद म्हणजे चौथा भाग की त्याहून लहान अंश, व प्रत्येक पायरीवर किती दिवस थांबावे, याविषयी टीकाकारांत मतभिन्नता आहे. परंतु रिकामी जागा ठेवू नये, हे तत्त्व सर्वमान्य आहे. विडी व व्यायाम यांना हेच सूत्र एकत्र बांधते.

येथे एक शंका प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. २०१६ साली इंग्लंडमध्ये सुमारे ७०० धूम्रपानी व्यक्तींवर झालेल्या चाचणीत, दोन आठवडे हळूहळू कमी करून सोडणाऱ्यांपेक्षा ठरलेल्या दिवशी एकदम सोडणारे अधिक यशस्वी झाले. चार आठवड्यांनंतर धूम्रपानमुक्त राहिलेल्यांचे प्रमाण एकदम सोडणाऱ्यांत ४९ टक्के, तर हळूहळू सोडणाऱ्यांत ३९ टक्के होते. मग पादांशिक क्रम चुकीचा काय? आमचे मत असे की ज्याची एकदम सोडण्याची तयारी आहे त्याला मुळीच अडवू नये. त्याच्यासाठी पादांशिक क्रम व्यायाम व आहार यांना लावावा. ज्याची तयारी नाही, त्याच्यासाठी तो विडीलाही लावावा. मात्र त्यागाचा दिवस लिहून ठेवलेला असावा व क्रम चार आठवड्यांहून लांबवू नये. लांबविल्यास रुग्ण कमी विड्या अधिक खोल ओढू लागतो व हिशोब तेथेच राहतो.

आम्ही आता २० विड्या ओढणाऱ्या रुग्णास पुढील क्रम देतो.

पहिला आठवडा : १५ विड्या, रोज १० मिनिटे चालणे.
दुसरा आठवडा : १० विड्या, २० मिनिटे चालणे.
तिसरा आठवडा : ५ विड्या, ३० मिनिटे चालणे.
चौथ्या आठवड्याचा पहिला दिवस : विडी शून्य, चालणे ३० ते ४० मिनिटे, दोन भागांत.

कोणती विडी प्रथम काढावयाची ते रुग्णालाच ठरवू द्यावे. बहुधा दुपारच्या रिकाम्या वेळच्या विड्या सहज जातात. सकाळची पहिली व जेवणानंतरची शेवटपर्यंत टिकतात. म्हणून चालण्याचा एक भाग जेवणानंतरच्या शतपावलीस जोडावा. दहा मिनिटांच्या चालण्याने तलफेचा जोर तात्पुरता ओसरतो, हे अभ्यासांतही दिसले आहे. तलफेची एकेक लाट थोड्या मिनिटांचीच असते. ती ओसरेपर्यंत पाय चालते ठेवणे एवढेच काम असते.

चिकित्सेपूर्वी परीक्षण

वजन, कमरेचा घेर, रक्तदाब व रक्तशर्करा पाहिल्याशिवाय आरंभ करू नये. भारतीयांसाठी बी.एम.आय. २३ पासून अतिरिक्त वजन व २५ पासून स्थौल्य मानतात. कमरेचा घेर पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सें.मी.पेक्षा अधिक नसावा. चाळिशीपुढील धूम्रपानी रुग्णास श्रमाने छातीत दुखणे, डाव्या हातात वा जबड्यात कळ येणे, अकारण दम लागणे यांपैकी काही असेल तर व्यायामाचा सल्ला देण्यापूर्वी ई.सी.जी. व हृद्रोगतज्ज्ञांचे मत घ्यावे. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असल्यास क्षयासाठी थुंकीची तपासणी करावी. विडी ओढणाऱ्याचे वजन प्रयत्नाविना घटत असेल तर त्यात आनंद मानू नये. क्षय, मधुमेह व कर्करोग यांचा शोध घ्यावा. तोंडाचे परीक्षण सर्वांचे करावे. पांढरा चट्टा, न भरणारा व्रण, तोंड कमी उघडणे ही चिन्हे दिसताच पुढे पाठवावे.

पहिले तीन महिने : वजन वाढू न देणे हेच यश

या काळात वजन घटविण्याचे उद्दिष्ट ठेवू नये. एक-दोन किलो वाढ झाल्यास घाबरू नये व रुग्णास घाबरवू नये. आहार तीन वेळा, वेळेवर, पोटभर परंतु लघु असावा. चरकाने स्थौल्यात सांगितलेले गुरु व अपतर्पण हे सूत्र येथे उपयोगी पडते. पोटात टिकेल, पण मेद वाढविणार नाही असे अन्न द्यावे. आमच्या भागात यासाठी बाहेरून काही आणावयास नको. ज्वारीची भाकरी, मुगाचे वा तुरीचे पातळ वरण, अंबाडी, मेथी, शेपू यांच्या भाज्या, कच्चा मुळा व काकडी, जिरे-सुंठ घातलेले ताक. जवसाची चटणी चमचाभर. सकाळी चुरमुऱ्यांचा सुशीला चालेल, पण तेल मोजून घालावे.

खरा शत्रू चहा. दोन चमचे साखरेचे सहा कप म्हणजे सुमारे ६० ग्रॅम साखर, अर्थात २४० कॅलरी. अर्ध्या तासाच्या चालण्याने खर्च होते त्याहून ती अधिक आहे. शिवाय चहा-विडीची जोडी मनात पक्की असते. आणखी एक बाब बहुतेकांना ठाऊक नसते. तंबाखूच्या धुरामुळे यकृतातील एक पाचक यंत्रणा अधिक वेगाने काम करते व कॅफिन लवकर निचरते. धूम्रपान थांबल्यावर तेवढ्याच चहातील कॅफिन शरीरात अधिक काळ राहते. मग धडधड, अस्वस्थता व निद्रानाश होतो आणि रुग्ण त्याचे खापर विडी सोडण्यावर फोडतो. म्हणून चहा निम्म्यावर आणावा, तोही पादांशिक क्रमानेच.

मलावरोधासाठी रात्री त्रिफळा चूर्ण ३ ते ५ ग्रॅम कोमट पाण्याबरोबर द्यावे व सकाळी उठल्यावर पेलाभर कोमट पाणी घ्यावे. "विडीशिवाय पोट साफ होत नाही" ही सबब येथेच संपते. बहुतेक रुग्णांत दोन-तीन आठवड्यांत कोष्ठ स्वतःच्या वेळेवर येतो. निद्रेसाठी रात्री पादाभ्यंग हा घरी करता येणारा उत्तम उपाय आहे. तोंडाच्या सवयीसाठी बडीशेप, ओवा, लवंग, वेलची किंवा साखर न घातलेला वाळलेला आवळा खिशात ठेवण्यास सांगावे. ज्येष्ठमधाची काडी कफ व घसा यांसाठी चांगली, परंतु रक्तदाब असलेल्यास सतत चघळावयास देऊ नये. सुपारी मात्र कोणत्याही रूपात नको. ती स्वतःच कर्करोगजनक आहे.

विडी सोडल्यावर पहिले काही आठवडे खोकला व कफ वाढलेला दिसतो. श्वासमार्गातील सूक्ष्म केसांचे काम पुन्हा सुरू होऊन साचलेला कफ बाहेर पडत असल्याने बहुधा असे होते. रुग्णास हे आधीच सांगून ठेवल्यास तो घाबरत नाही. सितोपलादि चूर्ण मधातून द्यावे, मधुमेही असल्यास खडीसाखरेचे भान ठेवावे. तलफ, चिडचिड व अस्वस्थता पहिल्या तीन-चार दिवसांत सर्वाधिक असून दोन ते चार आठवड्यांत बरीच ओसरते. या पहिल्या आठवड्यात रुग्णास दोनदा तरी बोलवावे अथवा दूरध्वनीवर विचारपूस करावी. आमच्या अनुभवात औषधापेक्षा ही विचारपूस अधिक कामी आली आहे.

तीव्र व्यसन असलेल्यांस, म्हणजे सकाळी उठल्यापासून अर्ध्या तासात पहिली विडी लागणाऱ्यांस, निकोटिनयुक्त च्युइंगगम वा अन्य आधुनिक उपचारांची गरज भासू शकते. त्यात कमीपणा मानू नये, योग्य ठिकाणी पाठवावे. शासनाची १८००-११-२३५६ ही निःशुल्क तंबाखूमुक्ती दूरध्वनी सेवा २०१६ पासून आहे. तो क्रमांक आम्ही प्रत्येक केसपेपरवर लिहून देतो.

तीन महिन्यांनंतर : स्थौल्यचिकित्सा

विडी सुटून तीन महिने झाले, निद्रा व कोष्ठ सुधारला, अग्नी स्थिर झाला, की मग मेदोहर चिकित्सेकडे वळावे. रात्रीचे जेवण लवकर व हलके, दिवास्वाप बंद, गोड व तळलेले आठवड्यातून एकदा. चरकोक्त द्रव्यांपैकी मुस्ता, गुडूची, त्रिफळा, विडंग व सुंठी ही आमच्याकडे सहज मिळणारी व गरिबास परवडणारी आहेत. त्रिफळा गुग्गुळ बलवान रुग्णास उपयोगी, परंतु थायरॉईडची गोळी वा रक्त पातळ करणारी औषधे चालू असल्यास तो टाळावा. रूक्ष उद्वर्तन वातप्रकोप शमल्यावरच करावे.

व्यायामाची मात्रा अर्धशक्ती. कपाळ, नाक व काखेत घाम येऊ लागला, तोंडाने श्वास घ्यावासा वाटू लागला की थांबावे. आमच्या भागातील वैशाखाचे ऊन पाहता ग्रीष्मात सूर्योदयापूर्वीच चालून यावे व मात्रा त्याहूनही कमी ठेवावी. शेतात राबणाऱ्यास वेगळ्या चालण्याची गरज नाही. गादीवर बसणाऱ्या दुकानदारास, शिक्षकास व चालकास ती आहे. आठवड्यास पाव ते अर्धा किलो घट पुरेशी मानावी.

त्या रुग्णाचे पुढे काय झाले?

हृद्रोगतज्ज्ञांच्या लेखी संमतीने आम्ही त्यांना पाच मिनिटांच्या संथ चालण्यापासून आरंभ करविला. रुग्णालयाची सर्व औषधे तशीच चालू ठेवली व गुग्गुळकल्प मुळीच दिले नाहीत. या वेळी भूक मारावयास सांगितली नाही. उरलेल्या विड्या तीन आठवड्यांत शून्यावर आल्या. तिसऱ्या महिन्यात वजन ८४ वरून ८६ झाले. पूर्वी आम्ही येथे घाबरलो असतो. वर्षअखेर ते ८१ वर व घेर ९७ सें.मी.वर आला. आकडे डोळे दिपविणारे नाहीत हे आम्ही जाणतो. बी.एम.आय. अद्याप ३० च्या जवळ आहे. पण विडी नाही, जिना एका दमात चढतात व सकाळी आणखी दोघांना सोबत घेऊन चालतात. एका रुग्णावरून सिद्धांत बांधता येत नाही, हेही आम्ही मानतो. क्रम बदलल्याने काय बदलते एवढेच त्यातून दिसते.

औषधालयचालक बंधूंना विनंती

औषधालयाच्या गल्ल्यावरच अनेक रुग्ण प्रथम प्रश्न विचारतात, म्हणून चार गोष्टी.

एक, 'आठ दिवसांत वजन कमी' असे सांगणारी निनावी चूर्णे ठेवू नयेत. सिब्युट्रामिन हे औषध हृदयावरील धोक्यामुळे भारतात २०११ साली बंद झाले, परंतु 'वनौषधी' म्हणून विकल्या जाणाऱ्या अशा उत्पादनांत त्याची भेसळ जगभर आढळली आहे. विडी ओढणाऱ्या स्थूल माणसाच्या हृदयास ती घातक ठरू शकते. स्थौल्य बरे करण्याची जाहिरात करणे हे १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपचार कायद्यानेही निषिद्ध आहे.

दोन, दम्यासाठी थिओफिलिन घेणारा ग्राहक विडी सोडल्याचे सांगत असेल तर त्यास लगेच आपल्या डॉक्टरांना भेटण्यास सांगावे. धूर थांबल्यावर त्या औषधाचे रक्तातील प्रमाण वाढू शकते. काही मानसविकारांवरील औषधांनाही हे लागू आहे.

तीन, विडीऐवजी तंबाखू-चुना वा मिश्री सुचविणारा सल्ला कोणी देत असेल तर त्यास थांबवावे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के, तर धूरविरहित तंबाखू घेणारे २४.४ टक्के होते. आपल्याकडे विडी सुटते ती अनेकदा तळहातावरच्या तंबाखूत जाण्यासाठी, हे विसरू नये. दंतमंजनात तंबाखू घालण्यास १९९२ पासून बंदी आहे, तरीही मिश्री घरोघरी भाजली जाते.

चार, इलेक्ट्रॉनिक सिगारेटवर देशात २०१९ पासून बंदी आहे. 'सोडण्याचे साधन' म्हणून तरुण विचारतात, त्यांस हे सांगावे.

समारोप

सारांश, विडी सोडविणे, शरीर चालते करणे व मेद उतरविणे ही तीन चिकित्सा नसून एका क्रमाच्या तीन पायऱ्या आहेत. व्यायाम पहिल्या दिवसापासून, विडीचा त्याग ठरलेल्या दिवशी, आणि लंघन सर्वांत शेवटी. क्षुधा अधारणीय व तलफ धारणीय, हा भेद वैद्याने स्वतः ओळखावा व रुग्णास समजावून द्यावा. गडचिरोलीत 'मुक्तिपथ' हे अभियान २०१६ पासून दारू व तंबाखूच्या विरोधात संपूर्ण जिल्हाभर काम करीत आले. एवढे मोठे काम आपल्या एकेकट्या दवाखान्यातून होणार नाही. परंतु प्रत्येक केसपेपरवर "विडी/तंबाखू : किती?" हा एक प्रश्न लिहिणे व पुढच्या भेटीत तो पुन्हा विचारणे आपल्या हाती निश्चित आहे. आम्ही तो एका रुग्णास दोन वर्षे विचारला नाही. आपणांकडून ती चूक होऊ नये, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच. अस्तु.